येऊ नकोस, उन्हाळी लागली आहे

कॅम्प, ९ डिसेंबर

टाचणी,

तुझी चिठ्ठी टँकरवाल्या काकांनी काल दिली. चिठ्ठी कसली, चिटोरंच ते! "या रविवारी येऊ नकोस. पुन्हा उन्हाळी लागली आहे. नंतर कळवते." संपलं. दूधवाल्याला तरी माणूस याहून मायेने लिहितं.

आता मला सांग, डिसेंबरात कसली उन्हाळी लागते? इथे सकाळी बादलीत हात घातला की बोटं शाबूत आहेत का ते बघावं लागतं. चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली आणि मग डोक्यात उजेड पडला. सुट्टी! उन्हाळी सुट्टी! तुमच्या मालकाने या वर्षी ती थंडीतच देऊन टाकली असणार, त्याचं काय सांगावं. म्हणजे कारखान्याला सुट्टी लागली आणि बाईसाहेब लग्नाच्या नवऱ्याला सांगतात, येऊ नकोस. मग ही सुट्टी घालवणार कुणाबरोबर? आणि 'पुन्हा' म्हणजे? आधीही लागली होती आणि मला पत्ता नाही?

फोन तू बंद केलास. "टेकडीवर चढून ओरडतोस, निम्मा कॅम्प ऐकतो. पत्र लिही, पत्रात ओरडता येत नाही." ठीक आहे, लिहितोय. पण कागद उलटा करून मागून हात फिरव. पेन किती दाबलंय ते कळेल.

इथे बोगद्यात मी मोजपट्टीचं टोक धरून उभा असतो. साहेब पलीकडून आकडा विचारतो आणि मी तुझ्या वाढदिवसाची तारीख सांगतो. कॉलेज अर्ध्यात सोडून, घरच्यांशी भांडून, रजिस्टरवर सही केली ती हे ऐकायला? येऊ नकोस?

उत्तर काकांच्याच हाती दे. आणि खरं लिही.

तुझाच,
काडीपेटी

*

१३ डिसेंबर

काडीपेटी,

पेटलास ना? आता विझ आणि वाच.

उन्हाळी लागणं म्हणजे सुट्टी नव्हे रे शहाण्या! लघवीला जळजळ होते, त्याला म्हणतात उन्हाळी लागली. तुमच्या घरात सगळे बाप्ये, तुला कोण सांगणार म्हणा. सारखं जावंसं वाटतं, गेलं की थेंबभर होते, आणि तो थेंब असा येतो की मी नळ धरून उभी राहते. ओटीपोटात कळ येते ती वेगळीच. झालं समाधान? हे सगळं चिठ्ठीत लिहायचं होतं? काका ती खिशात घालून आणतात, वाटेत वाचत नसतील कशावरून?

त्यात आमची कॉलरची लाइन. आम्ही चाळीसजणी आणि बाहेर जायचा बिल्ला एक. लाकडी, दोरीत ओवलेला, सुपरवायझर मॅडमच्या टेबलाशेजारी खिळ्याला लटकतो. तो खिळ्यावर दिसला तरच उठायचं. नसला, तर पायावर पाय दाबून कॉलर उलटवत बसायचं. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याला तोंडच लावत नाही. कुणीच लावत नाही. एकीने लावलं की बाकीच्या तिच्याकडे अशा बघतात, जशी काही तिने आमच्या वाट्याचा बिल्ला पळवला.

आत्या म्हणते, अंगातली उष्णता आहे, थंड पाणी पी, तिखट बंद कर, खिडकीपाशी झोप. खिडकीपाशी झोपून सर्दी झाली. उन्हाळी आहे तिथेच.

लग्न झाल्यापासून ही चौथी खेप. आपोआप जाते, पुन्हा येते. तू एवढ्यात येऊ नकोस. कारण विचारू नकोस.

टाचणी

*

कॅम्प, १६ डिसेंबर

माझी टाचणी,

मी गाढव आहे. हे वाक्य कापून आरशाला चिकटव, पुढे उपयोगी पडेल.

तू तिकडे नळ धरून उभी आणि मी इकडे तुझ्या सुट्टीचा जोडीदार शोधत होतो! तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. त्या सुपरवायझर मॅडमचा पत्ता दे. बिल्ला तिच्याच गळ्यात बांधतो आणि खोलीला बाहेरून कडी घालतो, मग तिला कळेल. एक बिल्ला! आमच्या बोगद्यात साठ माणसं आणि सगळा डोंगर मोकळा. आम्हाला कोण अडवतं?

आता मुद्द्याचं. माझ्या खोलीत ड्रिलमशीनवाला दादा राहतो ना, त्याला मागे असंच झालं होतं. त्याला एका दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत बरं वाटलं आणि त्याने बाकीच्या ट्रंकेत टाकून दिल्या. मी त्या मागून घेतल्या. "वहिनीला खुशाल दे," म्हणाला. चार आहेत, पाकिटातून सुट्या करून कागदात बांधल्यात. सकाळ-संध्याकाळ घे, बघ कसा गुण येतो. डॉक्टरकडे जाऊन अनोळखी माणसापुढे हे सगळं सांगत बसायला नको.

कारण विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारत नाही. पण कारण काय? मी आलो तर पायाशी बसेन. पाणी आणून देईन. हातसुद्धा लावणार नाही. (हात लावेन. बाकी काही नाही.)

तुझा,
काडीपेटी

*

२ जानेवारी

काडीपेटी,

तुझ्या गोळ्यांनी गुण आला. दोन दिवस मी राणीसारखी फिरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जास्त. शेवटची गोळी ठेवली होती, तीही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आत्याने मला ओढत लॅबमध्ये नेलं. लघवी तपासायला दिली. रिपोर्ट आला, जंतू नाहीत. काहीच नाही.

काहीच नाही, तर जळतंय काय?

आत्या लॅबपासून घरापर्यंत तरातरा पुढे चालत होती. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाली, "तपासणीत सापडत नाही, म्हणजे हे तुझं नव्हे. तुला दिलेलं आहे." मी म्हटलं, "कुणी?" ती म्हणाली, "मला विचारतेस?"

आता ते कारण सांगते. मला राहवत नाही. तू येऊन गेलास की दोन-तीन दिवसांत मला हे होतं. दर वेळी. मी मागच्या सगळ्या खेपा आठवून जुळवून पाहिल्या. तू नाही आलास तो महिना मी ठणठणीत होते. बिल्ला तेव्हाही एकच होता, पाणी तेव्हाही पीत नव्हते. मग फरक काय? तू.

मी रागाने लिहीत नाही. घाबरून लिहितेय. तिकडे कॅम्पच्या आसपास काय काय असतं ते काकाच एकदा हसत सांगत होते. तर एकदाच विचारते, सरळ उत्तर दे. तिकडे कुणी आहे का?

टाचणी

*

कॅम्प, ५ जानेवारी

वा! वा बाईसाहेब!

कोण आहे सांगू? एक ड्रिलमशीन आहे. एक उंदीर आहे. आणि एक साहेब आहे, ज्याच्या मिशांना डिझेलचा वास येतो. यातल्या कुणाशी माझं सूत जुळलंय म्हणतेस?

मी इकडे धुळीत नाकातोंडातून डोंगर गाळतोय, तुझ्या एका चिटोऱ्यासाठी टँकरच्या मागे धावतोय, आणि तू तिकडे आत्याच्या मांडीला मांडी लावून माझ्या येण्याच्या तारखा जुळवतेस! मी काय रोग घेऊन येतो? पिशवीत घालून? आणि काका हसत काही सांगतात ते तुला खरं वाटतं, मी रडत लिहितो ते खोटं?

तपासणीत काही नाही ना आलं? मग संपलं की! आजार असता तर सापडला असता. आजार बिजार काही नाहीच, तुला मी यायला नको आहे. आधी उन्हाळी, मग बिल्ला, आता हे. बहाणे संपले की सरळ लिही. सुटकेचा कागद पाठवून दे, उभ्या उभ्या सही करतो. आत्याबाईंना साक्षीदार घे, त्यांना आनंद होईल.

उत्तर नको.

*

८ जानेवारी

जावईबापू,

आशीर्वाद लिहायची आज इच्छा नाही, तेव्हा ते वगळून लिहिते.

तुम्ही टेकडीवर चढल्याशिवाय तुम्हाला फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी टँकरवाल्याच्या हाती देते. तो निघाला आहे, मी रस्त्यात थांबवलं आहे. पोरगी कालपासून इस्पितळात आहे. कारखान्यातच थंडी वाजून आली. दात वाजत होते, उलट्या झाल्या, कमरेच्या वर उजव्या बाजूला हात लावू देत नव्हती. ताप इतका की मला आई म्हणून हाक मारत होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढला आहे. सलाईनमधून औषध चालू आहे, पण ताप हलत नाही.

त्यांनी विचारलं, आधी काही गोळ्या घेतल्या का? ही म्हणते, नवऱ्याने पाठवल्या होत्या, सुट्या. नाव ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंना ते नाव हवं आहे. त्या गोळ्यांना न जुमानणारे जंतूच मागे उरले असतील, तर तेच औषध देत बसून वेळ जाईल, असं म्हणाल्या. नवी तपासणी पाठवली आहे. तिचा निकाल यायला वेळ आहे, आणि हिच्याकडे बघून मला तो वेळ आहे असं वाटत नाही.

गोळीचं नाव कळवा. तुम्ही येऊ नका. तुमचं पाच तारखेचं पत्र माझ्या हाती पडलं आहे. मी ते उघडलं. तिला दिलेलं नाही.

आत्या

*

८ जानेवारी, इस्पितळाचं फाटक

आत्याबाई,

सोबत गोळ्यांचं रिकामं पाकीट आहे. ड्रिलवाल्या दादाच्या ट्रंकेत तळाशी होतं, त्याच्या बायकोच्या फोटोखाली. नाव पुसट झालंय, पण उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं. मी मागे वेगळ्या कागदावर लिहूनही दिलंय. एक अक्षर चुकलं असेल म्हणून पाकीट बाईंनाच दाखवा. दादाने किती घेतल्या, हिला किती पाठवल्या, तेही लिहिलंय.

मी काकांच्या टँकरमध्ये बसून आलो. तुम्ही येऊ नका म्हणालात म्हणून आत आलेलो नाही. हे फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हाती पाठवतो. समोर सायकलवाल्याचं दुकान आहे, तिथे उभा आहे. कुणाशी भांडणार नाही.

फक्त ताप उतरला की तिच्या खोलीचा पडदा जरा बाजूला करा. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी, पहारेकऱ्याने दाखवली. तेवढं कळलं की मी जाईन.

ते पत्र तिला देऊ नका. तुमच्या पाया पडतो.

*

१४ जानेवारी, इस्पितळ

काडीपेटी,

पडदा आत्याने बाजूला केला तो मला उजेड हवा होता म्हणून. ताप तेव्हा चढलेलाच होता. तू मात्र खालून दोन्ही हात हलवत राहिलास आणि उड्या मारत गेलास म्हणे. आत्याने मला सांगितलं तेव्हा मला हसू येईना, आणि तिला आलं.

पाकिटाचा उपयोग झाला. औषध त्याच संध्याकाळी बदललं. दुसऱ्या दिवसापासून ताप उतरणीला लागला. नंतर रिपोर्ट आला, त्यातही तेच निघालं, त्या गोळ्यांना माझे जंतू भीक घालत नाहीत. आणि ती पहिली तपासणी स्वच्छ का आली, तेही कळलं. आदल्या दिवशी तुझी गोळी पोटात होती. गोळीने जंतू मारले नाहीत, नुसते दडवले.

डॉक्टरीणबाई कोरड्या आहेत, पण नीट बोलतात. आत्यासमोरच म्हणाल्या, हे बाहेरून आणलेलं दुखणं नाही. जंतू आपल्याच शरीरातले, आपल्याच मागच्या वाटेचे. बायकांचा तो रस्ता आखूड, त्यामुळे ते पुढे सरकायला वेळ लागत नाही, आणि नवरा-बायको जवळ आले की आत ढकलले जातात. नवरा साधू असला तरी. आत्याने पदराने घाम पुसला. थंडीत. मग बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही काय म्हणत होतात याला? उन्हाळी? नाव चुकलं की औषधही चुकतं. अहो, ही उष्णता नव्हे."

मग मला सांगितलं. जवळ आल्यावर लोळत पडायचं नाही, उठून लघवी करून यायची. दिवसभर पाणी प्यायचं, कळ दाबून बसायचं नाही. स्वच्छता पुढून मागे. तू आणतोस त्या निरोधच्या पाकिटांना आतून जंतुनाशकासारखं काही लावलेलं असतं, त्याने आपलेच चांगले जंतू मरतात, तर साधी आण. पुन्हा जळजळ सुरू झाली तर आधी तपासणीची बाटली भरायची, मग औषध, आणि दिलेलं सगळं संपवायचं. एवढं करूनही होत राहिलं तर भेटीनंतर घ्यायची एक गोळी त्या देतील. "मी देईन," म्हणाल्या, "टँकरमधून येणार नाही."

बिल्ल्याचं मी बघते. बाईंनी चिठ्ठी दिलीय. तू मध्ये पडू नकोस.

आता दुसरं. तुझं पाच तारखेचं पत्र मी आत्याकडून मागून घेतलं. ती देत नव्हती. मी म्हटलं, पाकिटावर नाव माझं आहे.

तिकडे कुणी आहे का, हे विचारल्याची मला लाज वाटत नाही. ते पहिल्याच खेपेला विचारायला हवं होतं. मनात ठेवलं आणि तुझ्या पायरवाला घाबरायला लागले. तुझ्या पायरवाला! जो ऐकायला मी जिन्यात बसायचे.

सुटकेच्या कागदाचं मी सोडून देईन, तू रागात काहीही लिहितोस. पण "आजार नाहीच" असं लिहिलंस ते मला सोडता येत नाही. तू ते लिहीत होतास तेव्हा मी कॉलरवर डोकं टेकून बसले होते आणि शेजारची विचारत होती, "खरंच दुखतंय की बिल्ला हवाय?" तिला मी काही म्हटलं नाही. ती परकी आहे.

आजार तुझा नव्हता, हे कळलं. पत्र तुझंच होतं.

सध्या येऊ नकोस. या वेळी कारण तुला माहीत आहे.

*

कॅम्प, १८ जानेवारी

टाचणी,

आठ कागद फाडले. त्यातल्या सातांत मी फार चांगला माणूस होतो.

तू आजारी नाहीस असं मी का लिहिलं, ते शोधत बसलो होतो. आजार असता, तर तारखा तू जुळवल्या होत्यासच. मग तो माझ्यामुळे असता. तो नाहीच म्हटलं की मी सुटलो. एवढंच आहे ते, याहून मोठं काही नाही. मला वाटायचं मी रागीट आहे. मी घाबरट आहे, रागीट दिसतो.

ते पत्र परत मागत नाही. जाळ असंही म्हणत नाही. तुझं आहे, ठेव.

ड्रिलवाल्या दादाला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यालाही अधूनमधून जळजळ होतच होती, लपवत होता. पुरुषाला हे व्हावं म्हणजे नीट तपासायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. दादा वाटभर मला शिव्या देत होता, परत येताना डॉक्टरांची चिठ्ठी सारखी खिशातून काढून बघत होता.

मग औषधाच्या दुकानात गेलो आणि साधी पाकिटं मागितली. दुकानदार म्हणाला, साधी म्हणजे? मी सांगितलं, आतून काही न लावलेली. तो म्हणाला, मोठ्याने बोला. मी मोठ्याने बोललो. तुला माहीतच आहे मी मोठ्याने बोललो की काय होतं. आता त्या रस्त्यावर मला सगळे ओळखतात.

एक विचारायचं होतं. तो थेंब येतो आणि तू नळ धरून उभी राहतेस, तेव्हा पाण्याचा आवाज बरा वाटतो की नको वाटतो? मला कळायला हवं. आजवर मी तुला काही विचारलंच नाही, नुसते जाब विचारले.

कधी येऊ, ते विचारत नाही. तू लिहिशील तेव्हा.

लिहिशील ना?

*

२२ मार्च, लॅबच्या बाकावरून

काडीपेटी,

मांडीवर कागद, शेजारी बाटली. बाटलीवर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते खोडून घेतलं.

परवा तू गेलास आणि आज सकाळी पुन्हा जळजळ. सगळं केलं होतं आपण. तुला अर्धवट झोपेत लाथ मारून मी उठून गेले होते, आठवतं? तू ओरडलास, "पाणी पी!" आणि आत्या पलीकडून म्हणाली, "आम्ही पण पितो." तरी झालं. बाईंनी सांगितलंच होतं, कमी होईल, एका दिवसात संपेल असं नाही. जानेवारीनंतर ही पहिलीच खेप, आणि ताप नाही, कंबर दुखत नाही. ते मी नीट बघितलं.

कारखान्यात आता बिल्ले तीन आहेत. मॅडम एकावरच अडून बसल्या होत्या, तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने उठून सांगितलं, "मॅडम, ही पोरगी इस्पितळात गेली तेव्हा लाइन दोन दिवस बंद होती. लाकूड स्वस्त पडेल." पाण्याच्या बाटल्या आता टेबलावर असतात. शेजारची परवा मला हळूच म्हणाली, "मलाही होतं गं ते." मी तिला बाईंचा पत्ता दिला.

तर आज सकाळी. पहिला थेंब आला, मी नळ धरला. (पाणी सोडलेलं बरं वाटतं. तू तेव्हा विचारलंस आणि मी उत्तर दिलंच नव्हतं.) आणि मनात पहिलं काय आलं सांगू? तुझं नाव नाही आलं. रिकामी बाटली कुठे ठेवलीय, ते आलं.

मग तिथेच उभी राहून मी बराच वेळ रडले. दुखत होतं म्हणून, आणि तेवढंच दुखत होतं म्हणून.

रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर बाईंनी गोळ्या दिल्यात, सगळ्या संपवायच्या आहेत. मी झोपून राहणार, चिडचिड करणार, दर थोड्या वेळाने उठणार. तुला हात लावू देणार नाही. माझ्याशी बोलायला तुला काही सुचणार नाही, आणि सुचलं तर ते चुकीचं असेल.

नंबर पुकारतायत, जाते.

रविवारी ये. दुखतंय, म्हणूनच ये.

तुझी,
टाचणी